धान्याची पिकं नक्की कशासाठी लावतात? (ज्वारी तोट्यात, तरी दादा पेरतोच)

अर्धा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, गाव बार्शी तालुक्यात. वडिलांच्या वाटणीची सात एकर काळी जमीन माझा चुलतभाऊ कसतो, आम्ही त्याला दादाच म्हणतो. दरवर्षी दिवाळीला गेलो की तो हिशोबाची वही पुढे करतो आणि मी "असू दे रे" म्हणून बाजूला सारतो. यंदा मात्र लॅपटॉप उघडून बसलो. सात एकर मालदांडी ज्वारी, धान्य निघालं ३८ क्विंटल. नांगरट, पाळ्या, पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी, सगळी मजुरी धरली तर दाण्याच्या पैशात जेमतेम खर्च सुटतो. म्हणलं दादा, कशाला करतो हे, सरळ हरभरा टाक. तर तो हसला आणि म्हणाला, "तू दाणे मोजलेस बाबा, वैरण कुठं मोजलीस." आणि उठून म्हशीकडे गेला. विषय तिथंच संपला त्याच्यासाठी, माझ्यासाठी नाही.
तर प्रश्न असा की ज्वारी ही खायला लावतात की कडब्याला? आणि बाकीच्या धान्यांचं पण असंच काही असतं का, म्हणजे आपण समजतो एक आणि शेतकरी पेरतो भलत्याच कारणानं?

काळी_माती:
दादा बरोबर बोलला. मी मोहोळ भागातला, घरची ज्वारी आहे, म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळलात तर सोडून द्या.
मालदांडीचं पूर्ण नाव एम ३५-१, आणि जन्मगाव आमचं मोहोळ. १९३० च्या दशकात इथल्या शेती संशोधन केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडून काढलेला वाण आहे. त्यानंतर किती वाण आले बघा, फुले वसुधा, फुले रेवती, परभणी मोती, सगळे चांगले आहेत, काही उताऱ्याला जास्त पण आहेत, तरी मालदांडी हटत नाही. कारण दाणा आणि कडबा दोन्ही. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा. ताट सात-आठ फूट, बारीक आणि गोडसर, जनावर बुडख्यापर्यंत खातं, टाकत नाही. जाड ताटाचा कडबा घातला तर म्हैस नुसती पानं ओढते आणि दांडकी गव्हाणीत ठेवते, मग ती दांडकी चुलीला. कुट्टी मशीन असेल तर गोष्ट वेगळी.
आता हे खरिपात का नाही? खरिपाची ज्वारी काढायला येते तेव्हा परतीचा पाऊस असतो. कणीस भिजलं की दाणा काळा पडतो, कडबा पण काळा पडतो नायतर कुजतो. आमची रब्बीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून. वाढते ती जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, आभाळ स्वच्छ. म्हणून कडबा पांढरा राहतो आणि दोन दोन वर्षं टिकतो. आम्ही तर कापत नाही, मुळासकट उपटतो, कापली तर वीतभर खोडकं रानात राहतं आणि तेवढी वैरण गेली की हो.
दोन वर्षं टिकतो हेच महत्त्वाचं आहे. २०१८-१९ ला दुष्काळ पडला, छावण्या लागल्या. ज्याच्या दारात कडब्याची जुनी गंज उभी होती त्यानं जनावर विकलं नाही. बँकेतले पैसे म्हैस खात नाही. तुमच्या एक्सेलमध्ये या गोष्टीला रकाना आहे का?

अर्धा_शेतकरी:
नाही 😄 कडब्याचा रकानाच नाही. दादाला विचारतो किती पेंढ्या झाल्या ते.

शंकासुर:
सगळं बरोबर पण एक शंका. कृषी विद्यापीठवाल्यांना हे कळत नव्हतं का? आमच्याकडे (जालना) आजोबा सांगायचे, हायब्रीड आली तेव्हा पोती भरभरून निघाली. मग गेली कुठं ती?

काळी_माती:
शंकासुर, हायब्रीडला उगाच नावं ठेवू नका. सीएसएच-१, १९६४ साल, देशातली पहिली संकरित ज्वारी. वसंतराव नाईकांच्या काळात महाराष्ट्रात जोरात पसरली, आणि ज्या लोकांनी भूक बघितली त्यांच्यासाठी उतारा हाच पहिला मुद्दा होता. पण ती बुटकी, कडबा कमी. लवकर येते म्हणजे नेमकी पावसात सापडते, दाणा काळा. आणि भाकरीला चव नाही अशी बोंब घराघरात. माझी आजी कुणी पोरगं जरा खोकललं की म्हणायची "हायब्रीड खाऊन वाढलेलं". पुढं खरिपात सोयाबीन आलं, नव्वद दिवसात नगदी पैसा, हायब्रीड ज्वारीची जागा त्यानंच घेतली. रब्बीत मात्र हायब्रीडला फार शिरकाव मिळालाच नाही, कारण इथं माणूस पेंढी हातात घेऊन वाण ठरवतो.
गंमत म्हणजे सरकारी हमीभावात पण दोन ज्वाऱ्या वेगळ्या आहेत. २०२५-२६ ला हायब्रीड ३६९९ आणि मालदांडी ३७४९. पन्नास रुपयांचा फरक! बाजारात चांगल्या मालदांडीला याच्या कितीतरी वर मोजतात. हा पन्नासचा आकडा कुणी काढला त्याला एकदा दोन्हीची भाकरी खायला घातली पाहिजे.

अण्णा_निवृत्त:
तुम्ही सर्व तरुण मंडळी आहात म्हणून एक सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. आई-वडील दोघं खडी फोडायला. तेव्हा रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी यायची, मिलो म्हणत. तांबडी, कडवट, भाकरी थापली की कडेनं फाटणार. आई त्यात पाणी उकळून घ्यायची, जरा चिकटपणा यावा म्हणून, तरी तव्यावर जाईपर्यंत तुकडे. आम्ही कालवणात कुस्करून खायचो. कामावर पोरांना सुकडी मिळायची ती मात्र आवडायची. लोक म्हणायचे की तिकडे ही डुकरांना घालतात. खरं खोटं माहीत नाही, पण मिलोनं जगवलं हे खरं. आजही लाल ज्वारी पाहिली की घशात तो कडवटपणा येतो.

विचिटाकर:
अण्णा, नमस्कार. मी गेली बारा वर्षं कॅन्ससमध्ये आहे, मूळचा लातूरचा. तुम्ही ऐकलं ते खोटं नव्हतं. इथं अजूनही मिलोच म्हणतात आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त ती आमच्याच राज्यात होते. मी पहिल्यांदा आलो तेव्हा हायवेच्या दोन्ही बाजूला मैलोन् मैल तांबूस शेतं, गाडी थांबवून बघितलं तर ज्वारी! आणि कमरेएवढी! मला वाटलं पीक खुरटलंय बिचाऱ्यांचं. मग शेजारच्या शेतकऱ्यानं सांगितलं की ती मुद्दाम बुटकी केलीय, कंबाइन खालून जायला पाहिजे. ताटाचं काय करता विचारलं तर म्हणाला रानातच राहतं, ओल धरून ठेवतं, नंतर गाई सोडतो त्यात.
दाणा जातो जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलच्या कारखान्याला आणि चीनला. माणसानं खायची म्हणून कुणी पेरत नाही, आता ग्लुटेन नको असलेले लोक थोडं पीठ घेतात तेवढंच. त्यामुळे भाकरी नीट होते का, चव कशी, हा प्रश्नच तिकडे वाण निवडताना कुणाच्या डोक्यात नव्हता. अण्णांच्या आईच्या तव्यावर ती फाटली यात नवल नाही, ती भाकरीसाठी जन्मलेलीच नव्हती.
मी इथं भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ आणतो. महिनोन् महिने पडून असतं, विरी (चिकटपणा) गेलेली. बायको म्हणते थालीपीठच करू.

राजापूरची_सून:
विरी गेलेलं पीठ 😂 आमच्याकडे तांदळाच्या भाकरीचं पण तसंच.
मी माहेरची देशावरची, सासर राजापूर. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं तांदूळ म्हणजे तांदूळ. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात हातात चार डबे दिले. उकडा पेजेला, जुना जेवणातल्या भाताला, नवा मोदकाच्या पिठीला, आणि एक जाडा पोह्यांना. मी एकदा मोदकांना जुन्या तांदळाची पिठी घेतली, कळ्या पाडताना सगळ्या चिरा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघितल्या.
आणि अर्धा_शेतकरी तुमचा प्रश्न आहे ना, भलत्याच कारणानं पेरतात का, तर ऐका. आमच्याकडे आता बरेच जण भात करायचं सोडून द्यायला लागलेत, मजूर नाही, माकडं, डुकरं. पण आमचे दीर चार मळ्या दरवर्षी लावतातच. का? पेंढ्यासाठी. हापूस पिकवायला अढी घालायची तर पेंढा लागतो, पेटीत भरायला पेंढा लागतो, आणि घरी दोन गाई आहेत. विकत घ्यायला गेलं की आंब्याच्या मोसमात पेंढ्याला सोन्याचा भाव. ते म्हणतात भात आपल्याला वर्षभर पुरतो तो वरकड फायदा. म्हणजे तुम्ही पुण्या-मुंबईत पेटी उघडून जो पेंढा फेकून देता तो आमच्या भाताचा पाय आहे, जपून फेका!

खाजनकार:
गोंयांत कोरगूट म्हणून भात आहे, खारट पाणी शिरतं त्या खाजन जमिनीत तोच तग धरतो. उतारा कमी, पण त्या जमिनीत दुसरं भात उभंच राहत नाही. म्हणजे कशासाठी लावतात याचं उत्तर कधी कधी "जमीन दुसरं काही देत नाही म्हणून" असं पण असतं.

मक्याचा_मामा:
मी जरा उशिरा आलो. सिल्लोडकडचा आहे, मका करतो आणि थोडा खरेदी-विक्रीचा धंदा पण आहे.
तुम्ही भाकरीच्या गोष्टी करताय आणि इथं आमच्या पिकाला माणूस तोंडच लावत नाही. कणीस भाजून खातात, स्वीटकॉर्न खातात, ते वेगळं, त्याचं बियाणंच वेगळं. आमचा पिवळा मका म्हणजे कोंबडीचं जेवण. ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका आणि बाकी मुख्य म्हणजे सोयाबीनची ढेप (पेंड). अंड्याचा बलक पिवळा दिसतो त्यातही मक्याच्या पिवळ्या रंगाचा वाटा आहे, पांढरा मका घाला, बलक फिका. दुसरं गिऱ्हाईक स्टार्चवाले. तुमच्या औषधाच्या गोळीत, बिस्किटात, कापडाच्या खळीत, सगळीकडे मका असतो, दिसत नाही एवढंच.
तिसरं गिऱ्हाईक म्हणजे इथेनॉल. डिसेंबर २०२३ ला सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली आणि आमच्या मक्याची वरात निघाली. एका टनातून पावणेचारशे लिटरच्या आसपास निघतं. भाव चढले, पोल्ट्रीवाले ओरडायला लागले, मका बाहेर विकणारे आपण मका बाहेरून आणायला लागलो. आणि पुढची मजा बघा, इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात, तो परत कोंबडीच्या खाद्यातच येतो आणि सोयाबीनच्या ढेपेचा भाव पाडतो. म्हणजे एका शेतात मका आणि शेजारच्या शेतात सोयाबीन असणाऱ्या शेतकऱ्यानं हसायचं की रडायचं? मी दोन्ही करतो, त्यामुळे मला विचारू नका.
कशासाठी पिकवायचं त्यावर काढणी पण बदलते बरं का. खाद्याला द्यायचा तर ओलावा १४ टक्क्यांच्या आत लागतो, ओला भरला की बुरशी, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष, पोल्ट्रीवाला कट्टा उघडून वास घेतो आणि गाडी परत. मी एकदा घाईत ओला माल भरला होता, भाड्याचे पैसे पण अंगावर आले, तेव्हापासून दाणा दातानं फोडून बघितल्याशिवाय पोतं शिवत नाही. मुरघासाला द्यायचा असेल तर उलट, दाण्यात चीक असताना, ताट हिरवं असतानाच अख्खं झाड कापून कुट्टी करायची आणि दाबून हवाबंद करायची. तेव्हा आफ्रिकन टॉलसारखा उंच पाल्याचा वाण. त्याच रानात, तेच पीक, पण कणीस नावालाच.

शंकासुर:
मामा राग मानू नका पण अन्नाचं पेट्रोल करणं मला पटत नाही. मराठवाड्यात धान्यापासून दारूच्या कारखान्यांवर मागं केवढा गदारोळ झाला होता, तेव्हा सगळे म्हणत होते गरिबाची ज्वारी दारूत घालवू नका. आता तेच गाडीच्या टाकीत चाललंय तर कुणी बोलत नाही.

मक्याचा_मामा:
राग कशाचा. पण मला सांगा, २०१८ ला लष्करी अळी आली तेव्हा पोंग्यात औषध घालून घालून हातं काळी झाली, त्या वर्षी मका गरिबाचं अन्न आहे म्हणून कुणी आलं होतं का बांधावर? २०२५-२६ ला हमीभाव २४००, आणि आवक वाढली की बाजार त्याच्या खाली. जो गिऱ्हाईक दारात येईल त्याला मी देणार. शिवाय मका मी कधीच अन्न म्हणून पेरला नव्हता, माझ्या वडिलांनी पण नाही. ज्वारी अन्न म्हणून पेरली जाते, तिच्यावर कारखाना उठला तर मी पण तुमच्या बाजूनं येईन.

काळी_माती:
गोड ज्वारीचं कुणी बोललंच नाही. फलटणच्या निंबकर संस्थेत यावर बरीच वर्षं काम झालं, मधुरा नावाचा वाण काढला. कणसाचा दाणा खायला, ताटाच्या रसाची काकवी किंवा अल्कोहोल, आणि चोथा जनावराला. त्या अल्कोहोलवर चालणारा स्टोव्ह आणि कंदील पण त्यांनी बनवला होता. शंकासुर, यात तुमचं अन्न पण वाचतं आणि मामांची टाकी पण भरते. रस काढून लगेच वापरावा लागतो, नाहीतर आंबतो, आणि हंगाम थोडे दिवस, त्यामुळे उसासारखा कारखाना वर्षातले पाच महिने चालेल असं काही होत नाही. ही अडचण मोठी आहे.

पीठगिरणी:
गव्हाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी. नाशिकला गिरणी आहे, २२ वर्षं झाली. लोक येतात आणि म्हणतात "चांगला गहू द्या." अहो कशाला चांगला? पोळीला लोकवन घ्या, तो मूळचा गुजरातच्या सणोसऱ्याच्या लोकभारतीचा. रवा, शेवयांना बन्सी, कडक दाणा, पीठ पिवळसर, शेवई तुटत नाही. त्याच बन्सीची पोळी करा, दुपारी पापड होतो. खपली खीर आणि पुरणपोळीला, त्याला साल इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मळणीनंतर वेगळं कांडावं लागतं, म्हणून महाग. आता डायबेटिसवाले त्याची पोळी खातात, खाऊ देत, पण "तुटते हो" म्हणून मला फोन करतात तेव्हा मी काय करू.
बाजरीचं पीठ मी कुणाला आठ दिवसांच्या वर देत नाही. बाजरीत तेल जास्त, पीठ लवकर कडू होतं. हिवाळ्यात एक वेळ चालतं, एप्रिलमध्ये नाही. राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही संशोधन संस्था यांनी मिळून काढलेली धनशक्ती बाजरी लोहासाठी म्हणून निघाली. चांगली आहे, पण दळून महिनाभर डब्यात ठेवली तर घरात कुणी तोंडाला लावणार नाही आणि लोह डब्यातच राहील.

राजापूरची_सून:
पीठगिरणी दादा, कुरडईचा गहू विसरलात! तीन दिवस भिजवून चीक काढायचा. माझी आई त्यासाठी वेगळं पोतं राखून ठेवायची, पोळीला हात लावू द्यायची नाही.

पीठगिरणी:
ताई, कुरडईवाल्या बायका गिरणीत येतच नाहीत, त्या पाट्यावरून थेट गच्चीवर. म्हणून विसरलो.

अर्धा_शेतकरी:
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल दादाला फोन केला. साडेतीन हजार पेंढ्या झाल्या होत्या. बाराशे घरच्या दोन म्हशी, बैलजोडी आणि एका गाईला ठेवल्या, बाकी विकल्या, चारशे आत्याच्या घरी पाठवल्या त्याचे पैसे घेतलेच नाहीत. विकलेल्याचे पैसे वहीच्या शेवटच्या पानावर "वैरण" म्हणून वेगळे लिहिले होते, मी पुढच्या पानांवरच एक्सेल बांधत बसलो होतो. शिवाय वर्षभराची घरची ज्वारी, आम्हाला पुण्याला येते ती दोन पोती धरून, ती पण ३८ मध्ये नव्हतीच, ३८ म्हणजे बाजारात गेलेली. मी गप्प बसलो.
हरभऱ्याचं पण विचारलं परत. तर म्हणाला, दोन एकर टाकतोच की दरवर्षी फेरपालटीला, पण हरभऱ्याच्या भुसकटावर म्हैस किती दिवस काढेल? आणि मजुराचं म्हणशील तर तिथं मात्र तुझं खरं आहे. उपटायला माणूस मिळत नाही, यंदा काढणीला लोक बाहेरच्या तालुक्यातून आणले, पाच वर्षांनी काय होईल सांगता येत नाही म्हणाला. मशीननं काढायची तर बुटका वाण पाहिजे, आणि बुटका वाण म्हणजे विचिटाकरांची मिलो.

विचिटाकर:
मी पाठवू का बियाणं 😄

अण्णा_निवृत्त:
नको रे बाबा.

अर्धा_शेतकरी:
आणि एक राहिलं. विहिरीच्या कडेनं चार तासं (ओळी) गूळभेंडी ज्वारीची आहेत, ती वहीत कुठंच नाहीत. विचारलं तर म्हणाला ती हुरड्याची, ती विकायची नसते, पाव्हण्यांची असते. जानेवारीत कणसं चिकात येतील. पाखरं राखायला पोरं गोफण घेऊन बसणारच आहेत. धाग्यावरचे कोण कोण येताय ते सांगा, दादा म्हणतो आकडा आधी कळवा, आगटीला गोवऱ्या साठवाव्या लागतात.

काळी_माती:
मोहोळहून तासाभराचा रस्ता, आम्ही तिघं. शेंगाची चटणी आमच्याकडून.

मक्याचा_मामा:
दोघं. येताना मक्याची कणसं आणू का भाजायला, का अपमान होईल?

पीठगिरणी:
आणा हो, म्हशीला घालू.